नैराश्य बळावते कशाने?

एकाच शिवारातील दोन शेतकऱ्यांच्या कपाशीवर एकाच हंगामात गुलाबी बोंडअळी पडते, दोघांच्याही सातबाऱ्यावर जवळपास सारख्याच रकमेचा बोजा असतो आणि दोघांच्याही घरी लग्नाला आलेली मुलगी असते. तरीही एक जण काही दिवस खिन्न राहून हरभऱ्याच्या पेरणीला लागतो आणि दुसऱ्याला सकाळी अंथरुणातून उठणेही जमेनासे होते. वऱ्हाडातील खेड्यांत हा फरक सर्वांच्या पाहण्यातला आहे आणि त्याचे स्पष्टीकरणही ठरून गेलेले आहे : एकाचे काळीज घट्ट, दुसऱ्याचे कच्चे. हे स्पष्टीकरण अपुरे तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण ज्याला कच्च्या काळजाचा म्हटले जाते तो आपला त्रास सांगायचे टाळतो, आणि न सांगितलेला त्रास बहुधा वाढतच जातो.

याच कोड्याची दुसरी बाजू दवाखान्यात दिसते. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात मनाच्या तक्रारींसाठी येणाऱ्या प्रौढांमध्ये काहींचे नैराश्य सौम्य असते, थोड्या समुपदेशनाने त्यांना उतार पडतो. काहींची मात्र जेवणखाण सुटलेले, बोलणे बंद झालेले आणि जगण्याची इच्छाच संपलेली, अशी अवस्था झालेली असते. आजार एकच, पण त्याची तीव्रता इतकी वेगळी का, या प्रश्नाचे उत्तर आता बऱ्याच अंशी देता येते, आणि त्या उत्तरातील काही भाग असा आहे की तो कुटुंबाला, गावाला आणि आरोग्ययंत्रणेला बदलता येतो.

आजार होणे वेगळे, बळावणे वेगळे

ज्या गोष्टींमुळे एखादा आजार होण्याची किंवा वाढण्याची शक्यता अधिक होते, त्यांना वैद्यकात जोखमीचे घटक म्हणतात. असा घटक असला म्हणजे आजार होणारच असे नाही आणि नसला म्हणजे होणार नाही अशी हमीही नाही. तो फक्त पारडे एका बाजूला झुकवतो. नैराश्याच्या बाबतीत येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. आजार कोणाला होतो हे ठरवणारे घटक आणि झालेला आजार किती बळावतो हे ठरवणारे घटक काही प्रमाणात सारखे असले, तरी पूर्णपणे एकच नसतात. स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट असते, ही गोष्ट जगभरातील पाहण्यांतून वारंवार दिसून आली आहे. पण उपचारासाठी आलेल्या रुग्णांपुरते पाहिले तर स्त्री-पुरुषांमधील हा फरक तितकासा ठळक राहत नाही, आणि आजार अंगावर किती काळ काढला, सोबत चिंतेचा विकार आहे का, दारू आहे का, जवळचे माणूस आहे का, या गोष्टींचे वजन वाढते.

याचे एक कारण असे की दवाखान्यात येणारे लोक हा गावाचा सरसकट नमुना नसतो. ज्यांचे नैराश्य सौम्य होते त्यांतील पुष्कळ जण आपोआप सावरतात किंवा कोणालाही न दाखवता तसेच दिवस ढकलतात, ज्यांना एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी परवडत नाही ते घरीच राहतात, आणि पुरुष तर बहुधा घरच्यांनी हाताला धरून आणल्याशिवाय येत नाहीत. म्हणून दवाखान्यात मोजलेली तीव्रता ही आजाराची जितकी असते तितकीच दवाखान्यापर्यंतच्या वाटेचीही असते. हा मुद्दा तांत्रिक वाटला तरी वऱ्हाडापुरता तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, असे पुढील विवेचनातून दिसेल.

तीव्रता मोजतात कशी?

ताप मोजायला तापमापक आणि मधुमेह पाहायला रक्ताची तपासणी असते, तशी नैराश्यासाठी कोणतीही रक्ततपासणी अद्याप नाही. रुग्णाला विचारूनच ते ओळखावे लागते. सलग किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस निघून जाणे, आणि त्यासोबत झोप, भूक, अंगातील शक्ती, एकाग्रता व स्वतःविषयीचे मत यांत बिघाड होणे, असे या आजाराचे स्वरूप आहे. त्याची मोजणी सोपी व्हावी म्हणून रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स, कर्ट क्रोंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती पीएचक्यू-९ या नावाने ओळखली जाते आणि भारतातही तिचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो.

चौकट : नऊ प्रश्न, सत्तावीस गुण
गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, हे विचारले जाते. अजिबात नाही याला ०, काही दिवस याला १, निम्म्याहून अधिक दिवस याला २ आणि जवळजवळ रोज याला ३ गुण दिले जातात. बेरीज ५ ते ९ आल्यास सौम्य, १० ते १४ आल्यास मध्यम, १५ ते १९ आल्यास मध्यम ते तीव्र आणि २० ते २७ आल्यास तीव्र नैराश्य मानतात. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयीचा असतो. त्याचे उत्तर होकारार्थी आले तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याची दखल त्याच दिवशी घ्यावी लागते. प्रश्नावली केवळ शंका दाखवते, निदान डॉक्टरच करतात.

नववा प्रश्न विचारताना आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांची जीभ अडखळते, कारण विचारल्याने नसलेला विचार मनात येईल अशी भीती असते. ही भीती निराधार आहे. सरळ, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट रुग्णाला हायसे वाटते, असे आजवरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. पोलिसांचे झंझट मागे लागेल या धास्तीनेही कुटुंबे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये, शिक्षा करू नये, असे सांगितले आहे.

मोजणीच्या पद्धतीमुळे आकडे कसे बदलतात, हेही समजून घेतलेले बरे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात पाहणीच्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के आढळले. मात्र त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत नैराश्याची शक्यता असलेल्यांचे प्रमाण १४.६ टक्के निघाले. दोन आकड्यांत विसंगती नाही : पहिला निदानासाठीच्या सविस्तर मुलाखतीतून आला आहे आणि दुसरा चाळणी लावणाऱ्या प्रश्नावलीतून, व चाळणीत नेहमी अधिक लोक सापडतात. तरीही दर सात प्रौढांमागे एक माणूस चाळणीत अडकावा, ही त्या गावांविषयी पुष्कळ काही सांगणारी गोष्ट आहे.

अंगावर काढलेला काळ

अमरावतीचा हा आकडा ज्या कामातून आला त्याचे नाव विश्राम. गोव्यातील संगाथ या संस्थेच्या पुढाकाराने, डॉ. विक्रम पटेल, डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भात ताण आणि मानसिक आरोग्य यांवर उभा केलेला हा कार्यक्रम होता व त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी त्यासाठी कोणाची तरी मदत घेतलेली होती. शंभरातील पंचाण्णवांहून अधिक लोक आजार अंगावर काढत होते, हा त्याचा सरळ अर्थ.

अंगावर काढलेला हा काळ तीव्रतेचा एक प्रमुख घटक ठरतो, कारण नैराश्य स्वतःच स्वतःला पोसते. मन लागत नाही म्हणून माणूस शेतात जाणे कमी करतो, पारावर बसणे सोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो. त्यामुळे ज्या गोष्टींतून थोडे समाधान, थोडी विचारपूस आणि चार पैसे मिळत असत त्या एकेक करून बंद होतात. काम मागे पडल्याने अडचणी वाढतात आणि आपण कशाच्याच लायकीचे नाही या समजुतीला पुरावा मिळाल्यासारखा होतो. मग तो आणखी घरात बसतो. हे चक्र सुरुवातीला एखाद्या आपुलकीच्या धक्क्यानेही थांबू शकते, पण काही महिने फिरले की झोपेचे वेळापत्रक, भूक, विचार करण्याची गती सगळेच बिघडून जाते व मग उपचार लांबतात. उपचार उशिरा सुरू झालेल्या रुग्णांना पूर्ण उतार पडण्याची शक्यता कमी असते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगतात.

उशिराची कारणे वऱ्हाडात उघड आहेत. पहिले काही आठवडे अशक्तपणा समजून गावातल्या डॉक्टरकडे सलाइन लावण्यात जातात, पुढचे बाहेरचे काही झाले असेल म्हणून उतारा काढण्यात किंवा देवस्थानी वारी करण्यात. मेळघाटात कोरकू कुटुंबे आधी भूमका या पारंपरिक उपचारकाकडे जातात. श्रद्धेच्या ठिकाणी जाऊन माणसाला धीर मिळतो हे खरे आहे आणि तो हिरावून घेण्याचे कारण नाही. हानी होते ती तिथे जाण्याने नव्हे, तिथेच थांबण्याने. त्यात धारणीहून डोंगरघाट उतरून अमरावती गाठायला एसटीने कित्येक तास लागतात, आणि देशात दर एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही.

शरीराच्या तक्रारी आणि सोबतचे आजार

उशिराचे आणखी एक कारण असे की नैराश्याचा रुग्ण बहुधा उदास वाटते म्हणून येत नाही. तो सांगतो, हातपाय गळून जातात, डोके जड पडते, छातीत धडधडते, जीव घाबरतो, अन्नावरची वासनाच गेली. यांतली एकही तक्रार खोटी नसते. मेंदू, संप्रेरके आणि आतडी यांचा परस्परांशी सतत व्यवहार चालू असल्याने मनाचा आजार शरीरात खरोखर जाणवतो. गोव्यात झालेल्या अभ्यासांत अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या अनेक स्त्रियांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य व चिंता यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध अधिक जवळचा असल्याचे आढळले होते. प्रत्येक वेळी केवळ जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन अशा बाईला परत पाठवले, तर आजार मुरत जातो.

उलट बाजूने शरीराचे जुनाट आजारही नैराश्य वाढवतात. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असते. क्षयरोग, पक्षाघात, दीर्घकाळची कंबरदुखी यांचेही तसेच. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, दर्यापूर, शेगाव या भागात मूत्रपिंडाच्या विकारांनी अनेक घरे गांजलेली आहेत. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठणाऱ्या माणसाच्या मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले किंवा शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर हुबेहूब नैराश्यासारखी लक्षणे दिसतात किंवा असलेले नैराश्य वाढते, म्हणून जाणते डॉक्टर प्रथम या तपासण्या करून घेतात.

सोबतच्या आजारांत दोनांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. पहिला चिंतेचा विकार. अमेरिकेत या शतकाच्या आरंभी स्टार-डी या नावाचा एक मोठा अभ्यास झाला, त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांत नैराश्याबरोबर ठळक चिंताही होती आणि अशा रुग्णांना औषधांचा गुण कमी व उशिरा आला. दुसरी दारू. झोप लागावी, डोके शांत व्हावे म्हणून ती सुरू होते. पहिले दोन-तीन तास झोप लागतेही, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, पहाटे तीन-चारला जाग येऊन काळजीचे विचार घेरतात आणि दिवसा मन आणखी खचते. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून आणि पिण्यातून बाहेर येते, त्यामुळे घर त्याला व्यसन म्हणते आणि मूळ आजार कोणाच्याच लक्षात येत नाही.

अपमान आणि कोंडी

कर्ज हा शब्द उच्चारल्याशिवाय वऱ्हाडातील मनःस्थितीचे कोणतेही विवेचन पूर्ण होत नाही. मात्र कर्जाची रक्कम मोठी म्हणून नैराश्य मोठे, असा सरळ हिशेब नसतो. लंडनचे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी १९९० च्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह स्त्रियांच्या आयुष्यातील आघातांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे दिसले की निव्वळ हानीपेक्षा ज्या घटनेत अपमान असतो किंवा सुटकेची वाटच उरत नाही अशी कोंडी असते, ती घटना माणसाला नैराश्यात ढकलण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

हा निष्कर्ष वऱ्हाडाला लागू करून पाहिला की कर्जाचे काम कसे चालते ते उमगते. पाऊस दगा देतो ही हानी आहे आणि ती सगळ्या शिवाराची असते, तिच्यात लाज नाही. पण ३१ मार्च उलटून थकबाकीदारांच्या यादीत नाव जाणे, वसुलीवाल्याने भरवस्तीत आवाज चढवणे, कृषी केंद्राच्या दुकानदाराने चारचौघांत उधारी नाकारणे, सोयरिकीच्या बोलणीत जमिनीवरच्या बोजाची विचारणा होणे, या गोष्टींत अपमान आहे. जुने कर्ज फिटल्याशिवाय बँक नवे देत नाही, नवे मिळाल्याशिवाय पेरणी होत नाही आणि पेरणीशिवाय जुने फिटत नाही, ही कोंडी आहे. सावकाराकडे जाऊन ती सुटत नाही, आणखी आवळते. बहुतांश कोरडवाहू शेतीत हे एकदा घडून थांबत नाही, दर हंगामाला नव्याने घडते.

शरीरात याचे पडसाद कसे उमटतात, हेही ठाऊक आहे. धोक्याची जाणीव झाली की मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पियूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कामाला लागून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. धोका टळला की ही साखळी शांत व्हावी अशी निसर्गाची योजना आहे. धोका महिनोन्महिने टळतच नाही तेव्हा तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत ही शांत होण्याची क्रियाच बिघडलेली आढळते, आणि त्याचा परिणाम झोप, स्मरण आणि निर्णयशक्ती यांवर होतो. ज्या वेळी बँकेशी तडजोड करण्यासाठी, पीकविम्याचा अर्ज भरण्यासाठी डोके ठिकाणावर असण्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी ते साथ देत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे : कापसाला भाव, शेताला पाणी आणि वेळेवर कर्ज देण्याऐवजी शेतकऱ्याला गोळ्या देणे ही फसवणूक नाही का? शेतीचे प्रश्न शेतीच्या धोरणानेच सुटतील आणि प्रत्येक शेतकरी आत्महत्येमागे मनोविकारच असतो असे मानणे चूक आहे, यात शंका नाही. पण कापसाचे भाव वाढेपर्यंत नैराश्याच्या रुग्णाने उपचाराविना राहावे, हा त्याचा निष्कर्ष होऊ शकत नाही. पाय मोडलेल्या माणसाला रस्ता दुरुस्त होईपर्यंत कोणी तसेच ठेवत नाही.

मन मोकळे करायला माणूस

जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांवर केलेला व १९७८ मध्ये ग्रंथरूपाने आलेला अभ्यास या विषयातील पायाभूत मानला जातो. सारखाच आघात झालेल्या स्त्रियांपैकी कोणाला नैराश्य आले, हे पाहता ज्यांना नवरा किंवा दुसरे कोणी मन मोकळे करण्याइतके जवळचे होते त्या बऱ्याच अंशी बचावल्या होत्या. असे माणूस नसणे, बालपणी आई जाणे, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे आणि घराबाहेर काम नसणे, या चार गोष्टींनी आघाताची इजा वाढवली होती.

एकत्र कुटुंबात, भरल्या घरात राहणारी बाई एकाकी कशी असेल, असे वरवर वाटते. पण माणसे असणे आणि सांगण्याजोगे माणूस असणे यांत अंतर आहे. गोव्यात बाळंतिणींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी हे त्यामागील जोखमीचे घटक होते. वऱ्हाडात पती गमावलेल्या शेतकरी स्त्रियांच्या वाट्याला तर दुःखासोबत सातबाऱ्यावरील नावाची खटपट, सासरचे बदललेले वागणे आणि पतीच्या नावचे देणे हे सगळे एकदम येते, आणि ज्याच्यापाशी हे बोलायचे तोच माणूस गेलेला असतो. अशा स्त्रीच्या नैराश्याची तीव्रता केवळ तिच्या मनात शोधणे हा अन्याय आहे.

बालपण, आनुवंशिकता आणि आधीचे आजारपण

काही घटक माणूस सोबत घेऊन येतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून नैराश्याच्या प्रवणतेतील सुमारे ३७ टक्के फरक आनुवंशिक असल्याचा अंदाज आहे; याचा अर्थ एखाद्याचे नैराश्य इतके टक्के आईवडिलांकडून आले असा नसून, लोकांलोकांतील फरकाचा तेवढा वाटा आनुवंशिकतेने समजावता येतो, इतकाच आहे. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घोर हेळसांड सोसलेल्यांमध्ये नैराश्य पुन्हा पुन्हा उलटण्याची किंवा चिवटपणे टिकून राहण्याची शक्यता सुमारे दुप्पट असते आणि त्यांना उपचारांचा गुणही कमी येतो.

आधी येऊन गेलेले आजारपण हा तिसरा घटक. पहिल्या वेळी नैराश्य येते तेव्हा त्यामागे सहसा मोठा आघात सापडतो. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र क्षुल्लक कारण पुरते, कधी कारणही दिसत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये ही गोष्ट सविस्तर मांडली. काळ्या रानात पहिल्या धुवाधार पावसाने बांध फोडून ओघळ पाडला की पुढच्या वर्षी साध्या सरीचे पाणीही त्याच वाटेने धावते आणि ओघळ दरवर्षी रुंदावत जातो, तसे येथे घडते असे म्हणता येईल. म्हणूनच बरे वाटू लागताच महिन्याभरात गोळ्या बंद करण्याची सवय महागात पडते. उतार पडल्यानंतरही डॉक्टर सहा महिने ते वर्षभर उपचार चालू ठेवायला सांगतात, ते ही वाट बुजावी म्हणून.

कारण कोणते, परिणाम कोणता?

वरील सर्व घटकांविषयी एक सावधगिरी बाळगायला हवी. दवाखान्यात एकाच दिवशी रुग्णाचे गुण मोजले आणि त्याच दिवशी त्याचे कर्ज, झोप, दारू, भांडणे यांची नोंद केली, तर दोन्ही गोष्टी एकत्र आहेत एवढेच कळते, कशामुळे काय झाले ते कळत नाही. कर्जाने नैराश्य येते, तसेच नैराश्याने काम बुडून कर्जही वाढते; भांडणांनी मन खचते, तसेच खचलेल्या मनाच्या चिडचिडीने भांडणे होतात. शिवाय नैराश्यात माणसाला भूतकाळही काळाच आठवतो, त्यामुळे त्याने सांगितलेल्या हकिकतीचा रंग आजाराने बदललेला असू शकतो. हा गुंता सोडवायला त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा भेटणारे अभ्यास लागतात, आणि असे अभ्यास विदर्भातच, विदर्भातील शेतकरी व शेतमजूर कुटुंबांत होण्याची गरज आहे.

बदलता येण्याजोगे काय?

आनुवंशिकता आणि बालपण बदलता येत नाही, पाऊस हाती नाही. पण उशीर, एकटेपणा, दारू, सोबतचे आजार आणि अर्धवट सोडलेले उपचार यांवर काम करता येते. ते कसे, याचा उत्तम पुरावा गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मिळाला. तेथे मध्यम ते तीव्र आणि तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते. केवळ डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या बैठकांत उपदेश केला जात नाही. समुपदेशक रुग्णासोबत बसून त्याचा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ असा उलगडतो, कोणत्या वेळी मन किती खाली जाते ते टिपतो आणि पूर्वी आवडणारी, आवाक्यातली एकच गोष्ट निवडायला सांगतो : उद्या सकाळी गोठ्यापर्यंत जाऊन बैलाला चारा घालणे, शुक्रवारी आठवडी बाजारात भावासोबत अर्धा तास जाऊन येणे, सोडलेल्या भजनी मंडळात केवळ बसून येणे. इच्छा झाल्यावर काम करायचे, हा नेहमीचा क्रम येथे उलटा केला जातो, कारण नैराश्यात इच्छा आधी येत नाही, ती कामाच्या मागून येते. माघार घेण्याचे जे चक्र वर सांगितले, ते नेमके येथे अडवले जाते.

विश्रामनेही अमरावतीच्या गावांत हेच सूत्र वापरले : गावातील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडेल तेथे मनोविकारतज्ज्ञ. अठरा महिन्यांनी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आले आणि वर्षभरात जीव देण्याचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांपर्यंत उतरले. ही आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना असल्याने सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही, परंतु लोक मदत घ्यायला तयार नसतात हा समज मात्र तिने खोडून काढला. मदत गावात आली, तेव्हा लोक आले. राज्य शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून अमरावती, अकोल्यासह विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आशा स्वयंसेविकांमार्फत ताणाखालील शेतकरी कुटुंबे शोधण्याच्या हेतूने सुरू झाला आहे. त्याला पुरेसे समुपदेशक, अखंड औषधे आणि आशाताईंना कामाचा योग्य मोबदला मिळत राहणे, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

घरातील कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प राहत असेल, झोप-जेवण बिघडले असेल, शेतात-कामात मन लागत नसेल, तर त्याला धीर धर म्हणून सोडून देऊ नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात त्याच आठवड्यात सोबत घेऊन जावे, आणि जीव नकोसा झाल्याचे तो बोलला असेल तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी न्यावे. टेलिमानस या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.